रेडिएटरवर डासांची जाळी

धार जिल्ह्यात लोक जातात ते मांडूला. पावसाळा संपता संपता इंदूर-देवासकडची निम्मी जनता तिकडेच असते आणि या ब्लॉगवरही मांडूबद्दल माझं भरपूर लिहून झालंय. अमझेऱ्याला मुद्दाम कोणी जात नाही. आम्ही गेलो ते मंदारची गाडी देऊन टाकायला.

मंदार म्हणजे माझा पुतण्या, दादाचा एकुलता एक मुलगा. पीथमपूरच्या एका कारखान्यात नोकरीला होता, तिथेच एका मित्राबरोबर खोली घेऊन राहायचा. गेल्या वर्षी दसऱ्याच्या आसपास त्याला ताप आला. साधाच असेल म्हणून त्याने अंगावर काढला, फोनवर वहिनींना सर्दी झालीय म्हणून सांगितलं. डेंग्यू निघाला. दादा-वहिनी देवासहून निघून इंदूरच्या दवाखान्यात पोचले तेव्हा तो बोलत नव्हता. त्याच्याबद्दल इथे याआधी लिहिलं नाही, कारण लिहायला बसलो की उठून जायचो.

त्याची मोटारसायकल मात्र धडधाकट घरी आली. अंगणातल्या पत्र्याखाली ती उभी असायची आणि दर रविवारी सकाळी दादा ती सुरू करून गावातल्या टेकडीच्या पायथ्यापर्यंत एक चक्कर मारून आणायचा. बॅटरी उतरू नये म्हणून, असं सांगायचा. ऑगस्टमध्ये एकदा मी गेलो असताना दादा आंघोळीला गेल्याचं बघून वहिनी मला हळूच म्हणाल्या, "भाऊजी, या गाडीचं काहीतरी करा. दर रविवारी ती सुरू झालेली मला ऐकवत नाही. गल्लीच्या तोंडाशी आवाज आला की मंदार आला म्हणून मी गॅस बारीक करते. अजून करते."

दादाला मी काय सांगणार? पण आमच्या घरी एक जुनी रीत आहे. वर्षश्राद्धाला गेलेल्या माणसाच्या वापरातली वस्तू दान द्यायची. छत्री, चपला, अंथरूण, जे असेल ते. मी तेवढा धागा पकडला आणि म्हटलं, मंदारच्या वापरातली वस्तू कोणती रे? दादाला लगेच कळलं मी कुठे निघालोय. त्याने विषय बदलला. तिसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला की गाडी राकेशला देऊ. राकेश म्हणजे मंदारचा खोलीतला जोडीदार. त्यानेच शेवटी याच गाडीवर मंदारला पुढ्यात धरून दवाखान्यात नेलं होतं. नंतर तो नोकरी सोडून आपल्या गावी, अमझेऱ्याला, शेती करायला निघून गेला.

म्हणजे ठरलं. आमचे गुरुजी धारला राहतात, श्राद्ध त्यांच्याकडे करायचं आणि तिथून पुढे अमझेऱ्याला जाऊन गाडी द्यायची. फक्त दादा खरोखर देईल की नाही, याची वहिनींनाही खात्री नव्हती आणि मलाही. "तुम्ही सोबत चला, नाहीतर ते गाडीवर बसूनच परत येतील," असं वहिनींनी मला बजावलं होतं. म्हणून मी माझी जुनी गाडी काढली, मागे वहिनी. पुढे मंदारच्या गाडीवर एकटा दादा.

आता त्या गाडीबद्दल थोडं सांगायला हवं. या ब्लॉगवर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न रेडिएटर गार्डचाच असतो. माझ्या जुन्या गाडीला रेडिएटर नाही, ती वाऱ्यावरच थंड होते. मंदारची दोनशे सीसीची, कूलंटच्या पाण्यावर थंड होणारी. अशा गाडीचा रेडिएटर पुढच्या चाकाच्या अगदी मागे असतो, म्हणजे जिथे खडी उडते तिथेच. पट्ट्या अशा नाजूक की नखाने वाकतात. ट्रकमागून जाताना एक टोकदार खडा बसला की नळीला भोक पडतं आणि कूलंट रस्त्यावर. मंदारने पीथमपूरच्या रस्त्यांना घाबरून स्टीलचा तयार गार्ड आधीच बसवून घेतला होता. गव्हाचा दाणा सहज आरपार जाईल एवढी भोकं, आणि गार्ड आणि रेडिएटरमध्ये बोटभर जागा. एवढं पुरतं. वर पुढच्या मडगार्डला खाली रबराचा एक तुकडा जोडला की अर्धी खडी तिथेच अडते. मला कोणी विचारलं तर मी एवढंच सांगतो.

दादाचं समाधान एवढ्यावर झालं नाही. मंदार गेल्यानंतर त्याने घराच्या सगळ्या खिडक्यांना, दारांना, न्हाणीघराच्या झरोक्याला, इतकंच काय पाण्याच्या टाकीच्या झाकणालाही डासांची बारीक स्टीलची जाळी ठोकून घेतली. सुतार घरी आठवडाभर होता. जाळीचा एक तुकडा उरला. तो दादाने मापाने कापला, कडा दुमडल्या आणि मंदारच्या गार्डवर तारेने चारही बाजूंनी घट्ट आवळून टाकला. त्याशिवाय पुढे-मागे क्रॅशगार्ड, टाकीवर कव्हर, हेडलाइटवर जाळी. वहिनी म्हणाल्या होत्या, आता या गाडीला टोपडं तेवढं घालायचं बाकी आहे.

मला ती जाळी पाहताक्षणी कळलं होतं की हे चुकतंय. रेडिएटरला वारा लागतो. डास ज्या भोकातून जात नाही त्यातून वाराही नीट जात नाही, आणि त्यावर धूळ-किडे बसले की जाळीचा पत्राच होतो. टेकडीपर्यंतच्या चकरेत हे कळत नाही. मी बोललो नाही. तुम्हीही बोलला नसतात. दादा उकिडवा बसून जुन्या टूथब्रशने ती जाळी साफ करताना ज्याने पाहिलाय, त्याला हवेच्या प्रवाहाबद्दल व्याख्यान सुचत नाही.

दसरा होऊन गेला होता. सकाळी देवासहून निघालो. बसस्टँडजवळ पोहे खाल्ले, वर शेव आणि जिरावण मसाला, सोबत गरम जिलबी. दादाने जिलबी घेतली नाही, वर्षभर गोड सोडलं होतं. इंदूरपर्यंतच्या रस्त्याबद्दल तक्रारीला जागा नाही. शहरात न शिरता बायपास घ्या, राऊला बाहेर पडा. ऑक्टोबरात सकाळी गारवा असतो आणि दहानंतर ऊन भाजून काढतं, त्यामुळे लवकर निघालेलं बरं. बायपासवर दादा इतका हळू चालवत होता की ट्रॅक्टरही आम्हाला मागे टाकत होते. मी मागून बघत होतो. कुठे खडी दिसली की तो आधीपासूनच पाय खाली सोडायचा, जसं काही गाडी चालवत नसून कोणाला हाताला धरून रस्ता ओलांडून देतोय.

राऊनंतर पीथमपूर. इथे अवजड ट्रकांची रांग असते, रस्त्याच्या कडेला सतत बारीक खडी साचलेली, दुचाकीवाल्यांनी ट्रकमागे चिकटू नये. मंदारच्या खोलीकडे वळणारा रस्ता डाव्या हाताला लागतो. दादा तिथे वळला नाही, पण त्याने वेग आणखी कमी केला. वहिनींनी माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला आणि पदर तोंडाला लावला. कोपऱ्यावर ज्या टपरीवर मंदार चहा प्यायचा ती तशीच होती, दोन पोरं हेल्मेट काखेत मारून उभी होती, हसत होती. मला त्या पोरांचा राग आला. असा राग येण्यात काही अर्थ नाही, तरी आला.

पुढे ट्रकांच्या गर्दीत थांबत थांबत जाताना मंदारच्या गाडीचा रेडिएटर थंड करणारा पंखा एकदा सुरू झाला तो बंदच होईना. चहाला थांबलो तेव्हा मी सहज म्हणून जाळीसमोर हात धरला. नुसती धग. मी म्हटलं, "दादा, पंखा फार चालून राहिला ना?"

"नव्या गाड्यांचा चालतोच," दादा म्हणाला आणि खिशातून टूथब्रश काढून खाली बसला.

घाटाबिल्लोद मागे टाकून दुपारी धारला पोचलो. बसस्टँडपासून जवळच एक लॉज आहे, खोल्या स्वच्छ, गाडी आत लावता येते, हजाराच्या आत काम होतं. खाली जेवण मिळतं, दाल-बाफले चांगले. संध्याकाळी मी वहिनींना तलावावर घेऊन गेलो. धारमध्ये तलाव पुष्कळ आहेत आणि संध्याकाळी काठावर बसायला पैसे पडत नाहीत. किल्ल्याच्या लाल भिंतीवर ऊन उतरत होतं. वहिनींनी विचारलं की राकेश घेईल ना गाडी. मी म्हटलं, घेईल. मग त्या म्हणाल्या की गाडी गेल्यावर घर अगदी शांत होईल, त्याचीही त्यांना भीती वाटते. ठेवली तर सोसत नाही, दिली तर काय उरलं, असं त्यांचं झालं होतं. चणे घेतले, खाल्ले नाहीत, उठलो. दादा लॉजवरच थांबला होता. आम्ही परतलो तर तो बादलीभर पाणी घेऊन गाडी धूत होता. लॉजच्या मॅनेजरने त्याला एक फडकं दिलं होतं आणि उगाच शेजारी उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींकडे श्राद्ध. गुरुजी पंचाहत्तरीचे, आमच्या वडिलांनाही ओळखणारे, अजून "कृपा करून आसनस्थ व्हावे" असं बोलणारे. त्यांची नातवंडं हिंदीत बोलतात आणि ते त्यांना मराठीत उत्तर देतात. मुलाचं श्राद्ध बापाने करायचं, हे त्यांनाही जड जात होतं. मंत्र म्हणताना ते दोनदा थांबले. पिंडदान झालं आणि मग दानाचा संकल्प आला. गाडी दारात उभी होती, तिला कुंकू लावलं, एक झेंडूचं फूल हँडलला. दादाने पळीने उजव्या हातावर पाणी घेतलं. गुरुजींनी मंत्र संपवला आणि "न मम" म्हणा म्हणून सांगितलं. हे माझं नाही, असं म्हणून पाणी ताम्हनात सोडायचं असतं.

दादाने पाणी सोडलं नाही. हात तसाच धरून बसला. बोटांमधून थेंब गळून गुडघ्यावरच्या धोतरावर पडत होते. वहिनी त्याच्याकडे बघत होत्या आणि मी जमिनीकडे.

"सोडा, दादा," गुरुजी हळू आवाजात म्हणाले. "मुलगा तुमचाच आहे. फक्त गाडीचं पाणी सोडायचंय."

दादाने हात उलटा केला. "न मम" तो म्हणाला की नाही, मला ऐकू आलं नाही. गुरुजींनीही परत विचारलं नाही.

धारहून अमझेरा म्हणजे दुचाकीवर आरामात तासाभराचा रस्ता. तिरल्याच्या पुढे मुख्य रस्ता सोडून आत वळलं की गर्दी संपते. हा भाग मला फार आवडतो. टेकड्या सुरू होतात, शेताच्या कडेला खुरासानी चिंचेची, म्हणजे गोरखचिंचेची, प्रचंड बुंध्याची झाडं, आणि ऑक्टोबरात सगळीकडे सोयाबीनची कापणी. ज्यांना या दिवसांत यायचंय त्यांनी एक लक्षात ठेवावं. गावागावांत लोक कापलेलं सोयाबीन सरळ डांबरी रस्त्यावर पसरतात, गाड्या त्यावरून गेल्या की शेंगा आपोआप फुटतात. दुचाकी त्यावरून घसरते. शिवाय कडेला मळणीचे थ्रेशर चालू असतात आणि त्यांचा भुसा धुक्यासारखा रस्त्यावर लोळत असतो. डोळ्यांवर काच आणि तोंडावर रुमाल हवाच.

आम्ही अशाच एका भुशाच्या लोटातून बाहेर पडलो आणि काही अंतरावर दादाची गाडी थांबली. मी शेजारी नेऊन लावली. मीटरवर लाल दिवा लागला होता, खालून शिट्टीसारखा आवाज येत होता आणि बाजूच्या नळीतून उकळतं कूलंट डांबरावर ठिबकत होतं. जाळी दिसतच नव्हती. भुशाने लिंपून टाकल्यासारखा तिथे एक सपाट पिवळट थर झाला होता.

कोणाच्याही गाडीला असं झालं तर लगेच बंद करा, सावलीत लावा आणि निदान अर्धा तास रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. वाफेने हात भाजतो. थंड पाणीही ओतू नका. आम्ही एका चिंचेखाली बसून राहिलो. दादाने ब्रशने भुसा खरवडून काढला, निवल्यावर मी माझ्या बाटलीतलं पाणी हळूहळू भरलं, निघालो. दोन वळणांवर आणखी एक थ्रेशर होता. परत लाल दिवा.

या वेळी मी बोललो. म्हटलं, दादा, बाहेरची जाळी काढू, आतला मंदारचा गार्ड आहे, तो पुरे. दादाने मान हलवली. तो म्हणाला की ट्रकचा एक खडा पुरतो, रेडिएटर फुटला तर राकेश काय म्हणेल, आपण फुटकी वस्तू दिली म्हणेल. मी म्हटलं की अशीच तापत राहिली तर इंजिनच बसेल. तो ब्रश चालवतच राहिला. दर गावाला थांबून साफ करू, त्याचं म्हणणं. आणि उद्यापासून राकेशने काय करायचं, असं मी विचारलं. त्याच्या दारात रोज हाच भुसा असणार आहे. दादा जाळी एका हाताने झाकल्यासारखी धरून बसला होता.

"जाळी निकालायची नाही," तो म्हणाला. "नंदू, तू बीचमें पडू नको."

वहिनी इतका वेळ झाडाला टेकून उभ्या होत्या. त्या पुढे आल्या. आवाज चढवला नाही, रडल्या नाहीत.

"अहो, काढा ती," त्या म्हणाल्या. "गाडीला डास चावत नाहीत."

वर्षभरात आमच्या घरात तो शब्द कोणी उच्चारला नव्हता. डास, डेंग्यू, काहीच नाही. 'ते झालं तेव्हा' असं म्हणायचो. दादाने वर पाहिलं. त्याचा चेहरा असा झाला की मला वाटलं हा आता ओरडणार. तो ओरडला नाही. खाली बसल्या बसल्या त्याने तारेच्या पिळाला हात घातला. तार इतकी घट्ट होती की बोटांनी सुटेना, मी माझ्या पिशवीतली पक्कड काढून पुढे केली. चारही पीळ त्यानेच सोडले. जाळी हातात आल्यावर ती झटकली, घडी केली आणि वहिनींकडे दिली. मग तो तिथेच मातीत बसून रडला. वर्षभरात मी त्याला रडताना पाहिला नव्हता. "मी सगळ्या खिडक्यांना लावली गं," एवढंच म्हणत होता. "सगळ्या खिडक्यांना." सगळ्या खिडक्या देवासच्या घराच्या होत्या आणि पोरगा पीथमपूरला होता. वहिनी त्याच्या शेजारी मातीतच बसल्या. रस्त्याने सोयाबीनची एक ट्रॉली गेली, त्यावरच्या बायका वाकून बघत गेल्या. मी थोडा लांब जाऊन उभा राहिलो.

पुढे गाडीने कुरकुर केली नाही. पंखा लागायचा आणि बंद व्हायचा, जसा व्हायला हवा.

अमझेरा छोटं गाव आहे. अमका-झमका देवीचं देऊळ बघण्यासारखं, जुनी महादेवाची देवळंही आहेत, रुक्मिणीची गोष्ट इथलीच असं इथले लोक सांगतात. राहायची सोय फारशी नाही, धारलाच मुक्काम करावा. राकेश गावाच्या वेशीवर वाट बघत उभा होता. त्याने दादाच्या, वहिनींच्या, माझ्या पायांना हात लावला आणि गाडीकडे बघायचं टाळलं. घरी त्याच्या आईने दाल-पानिये केले होते. मक्याचं पीठ पानांत लपेटून गोवरीवर भाजतात, खरपूस लागतात, धारच्या पलीकडे कुठेही मिळाले तर सोडू नका. त्या माउलीने दादाला आग्रहाने तूप वाढलं आणि वहिनींना पंख्याने वारा घालत बसली. तिची माळवी बोली वहिनींना पूर्ण कळत होती, वहिनींची हिंदी तिला.

जेवणानंतर दादाने किल्ली पुढे केली. राकेशने हात मागे घेतला.

"काकाजी, मैं इसपे कैसे बैठूंगा," तो म्हणाला. "वो मेरे आगे बैठा था. पूरे रास्ते उसका सिर मेरे हाथ पे था."

मला वाटलं, झालं. दादाला हवं होतं तेच झालं, आता तो किल्ली खिशात टाकणार आणि आम्ही दोन गाड्यांवर परत जाणार. वहिनींनाही तेच वाटलं असणार, त्यांनी डोळे मिटून घेतले. दादाने राकेशचा हात ओढून तळहातावर किल्ली ठेवली आणि त्याची बोटं आपल्या हाताने मिटली.

"तूने उसको अकेला नहीं छोड़ा," तो म्हणाला. "और किसको दूं?"

राकेश गाडीवर बसला. गल्लीच्या टोकापर्यंत गेला, वळून परत आला. येतानाचा आवाज ऐकून वहिनी उठून दारात उभ्या राहिल्या होत्या. गाडी थांबल्यावर त्यांनी राकेशच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मराठीतच, "हळू चालव रे," म्हणाल्या. त्याला कळलं. दादाने त्याला रेडिएटर कसा धुवायचा ते दाखवलं, मागच्या बाजूने, पाण्याची धार हळू, पट्ट्या वाकू द्यायच्या नाहीत. भुशाच्या दिवसांत रोज बघायचं. राकेश प्रत्येक गोष्टीला 'जी काकाजी' म्हणत होता.

दादा-वहिनींना मी दुपारच्या बसमध्ये बसवलं. अमझेऱ्याहून धार, तिथून इंदूर, इंदूरहून देवासला दर थोड्या वेळाने बस आहे, दोघांचं तिकीट जेवणापेक्षा महाग पडत नाही. मी माझ्या गाडीवर एकटा. तिरल्यापर्यंत बसच्या मागेच होतो. मागच्या खिडकीशी दादा बसला होता, मांडीवर मंदारचं हेल्मेट. ते राकेशला द्यायचं राहून गेलं की दादाने मुद्दाम ठेवलं, हे मी आजवर विचारलेलं नाही.

प्रवास म्हणून बघाल तर दोन दिवसांचा, सोपा, खिशाला न जाचणारा आहे. सोयाबीनच्या दिवसांत जा किंवा मार्चमध्ये, गहू कापायच्या आधी. मला विचाराल तर त्या रस्त्यातलं मला आता फक्त ते चिंचेचं झाड आठवतं आणि त्याखाली मातीत बसलेली दोन माणसं. घरी परतल्यावर दादाने रविवारचं काय केलं, असं मला कोणीतरी विचारलं. पहिल्या रविवारी तो अंगणात खुर्ची टाकून नुसता बसला. वहिनींनी सांगितलं की त्यांना त्या दिवशी स्वयंपाक सुचला नाही. शांतता त्यांना वाटली होती त्याहून मोठी निघाली. दिलं ते बरं झालं का, हे मला अजून माहीत नाही.

दिवाळीनंतर मी दादाकडे गेलो असताना माझ्या फोनवर राकेशचा फोन आला. काकाजींना सांगायची हिंमत होत नाही, म्हणून तुम्हाला करतोय म्हणाला. धारहून खत घेऊन येताना गिट्टीच्या डंपरमागे सापडला, एक खडा गार्डच्या खालच्या फटीतून आत गेला, रेडिएटर फुटला, सगळं कूलंट वाहून गेलं. गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती. तो जवळजवळ रडत होता. मी काही बोलायच्या आत दादाने हात पुढे केला. फोन घेताना मी राकेश म्हणालो होतो, ते नाव ऐकलं होतं त्याने.

वहिनी समोर मेथी निवडत होत्या. त्यांचे हात थांबले. मीही जीव मुठीत धरून बसलो, कारण खड्याची हीच भीती दादाने वर्षभर जपली होती आणि जाळी काढायला आम्हीच लावली होती. दादाने पलीकडचं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, तू पडला तर नाहीस? डंपर किती लांब होता? एकटा आहेस का? जेवलास का? आणि मग, थोडं थांबून, बुखार-वुखार तर नाही ना. राकेश परत परत गाडीचंच बोलत असावा, कारण दादा मध्येच म्हणाला,

"रेडिएटर तो बाजार में मिल जाता है, बेटा. तू घर जा."

फोन बंद झाला. दादाने तो मला परत दिला आणि वहिनींच्या पुढ्यातली अर्धी जुडी ओढून घेऊन मेथी निवडायला लागला.